खडूचं इंजिन

“एक चूक दाखवा, आबा. एकच!”

श्रीरंग देवस्थळीने नकाशा अंगणातल्या फरशीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. रेल्वे कारखान्यातला हा तरुण इंजिनियर भलताच हुशार, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक. तीन वर्षं खपून त्याने वाफेचं एक इंजिन आखलं होतं. घाट एकट्याने चढणारं, मागून दुसऱ्या इंजिनाचा रेटा न लागणारं. आणि आज सकाळी वरून उत्तर आलं, आता डिझेल येणार, वाफेचं नवं इंजिन बांधायचं नाही.

आबा खलाटे निवृत्त ड्रायव्हर. शिकाऊ असताना श्रीरंगने सहा महिने त्यांच्याच इंजिनावर कोळसा घातला होता.

आबा उकिडवे बसले. त्यांचं बोट बॉयलरवरून, नळ्यांवरून, चाकांवरून सावकाश फिरलं.

“वा रे पठ्ठ्या! काय डोकं चालवलंयस, शिरंगा! घाट हसत चढंल की हे.”

“मग बांधत का नाहीत?”

आबा नकाशाची वर वळलेली कड तळव्याने सपाट करत राहिले.

“चूक नसताना केराची टोपली! बस झालं. हा नकाशा चुलीत घालतो आणि उद्या राजीनामा देतो. पुन्हा पेन्सिल हातात धरणार नाही.”

आबा उठले. घरातून खडू आणि फावडं घेऊन आले. नकाशातली मापं विचारत त्यांनी फरशीवर रेघा ओढल्या. हे भट्टीचं दार, ही फायरमनची उभं राहायची जागा, ही ड्रायव्हरची बैठक. बैठकीच्या चौकटीत एक खोकं पालथं घालून ते स्वतः त्यावर बसले.

“घाल कोळसा.”

“कुठला कोळसा, आबा?”

“घाल म्हणतो ना!”

श्रीरंगने फावडं मागे घेतलं, तसं त्याचं कोपर आबांच्या बरगडीत बसलं.

“अरेरे! लागलं का?”

“घाल. घाटात थांबायचं नसतं.”

दुसऱ्यांदा बसलं. तिसऱ्यांदाही. चौथ्या खेपेला श्रीरंग लाजून चूर झाला. सहा महिने भट्टीपुढे घाम गाळलेला माणूस, आणि फायरमनच्या कोपराला जागा ठेवायची विसरला होता!

त्याने पायानेच बैठकीची रेघ पुसली आणि बैठक बाहेरच्या अंगाला सरकवली.

“बोगद्यात माझं डोकं भिंतीला घासंल,” आबा म्हणाले.

मग पुढे सरकवली. तर ब्रेकचा दांडा आबांच्या गुडघ्यात आला. श्रीरंगने दांडा वर घेतला, नळी वळवली, पुसलं, पुन्हा आखलं. नकाशावरचे दगड कधी बाजूला गेले आणि कानावरची पेन्सिल कधी हातात आली, त्याला कळलंही नाही. राजीनाम्याचं तर नावच नाही. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं. आबा खोक्यावरून हलले नाहीत. धन्य त्या म्हाताऱ्याची!

“घाल,” आबा म्हणाले.

फावडं मागे गेलं, पुढे आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. कोपर मोकळं फिरलं.

श्रीरंग खुदकन हसला. मग एकाएकी त्याला आठवलं आणि चेहरा उतरला.

“पण आबा… हे इंजिन तर कधीच बांधणार नाहीत. मग आपण दिवसभर हे केलं कुणासाठी?”

आबांनी बरगडी चोळली.

“शेवटच्या खेपेला मला लागलं नाही, शिरंगा.”