पंगतीत न मावलेले कथील

जमिनीखाली खोल असलेल्या त्या राज्यात अजून काहीच थंड झाले नव्हते, त्यामुळे कुणाची जागाही ठरली नव्हती. सगळेच वितळलेले, सगळेच एकमेकांत मिसळलेले. कोण मोठा, कोण धाकटा, हे विचारण्याची सोयच नव्हती.

मग गारवा येऊ लागला आणि गारव्याबरोबर पंगती आल्या. जो थंड होईल त्याने आपल्यासारख्यांच्या शेजारी, अंगाला अंग लावून ओळीत बसायचे. एकदा बसला की तो दगड. नियम एकच होता: बसलेल्याने कुणासाठीही सरकायचे नाही. सरकले की पंगत मोडते, असे सगळे सांगत. मोडलेली पंगत कुणी पाहिली मात्र नव्हती.

क्रोमचे बरे झाले. अंगाने जड, स्वभावाने घाईचे; पहिल्याच गारव्यात ते भावकीसकट तळाशी जाऊन बसले आणि त्यांचा जाडजूड काळा थर झाला. त्यांना कुणाला विचारावेच लागले नाही.

कथिलाचे तसे नव्हते. त्याचा आकार अडनिडा. वर अभ्रकरावांच्या पंगती बसत होत्या, थरावर थर, चकचकीत. कथील तिथे जाऊन उभे राहिले.

"राग मानू नका हं," अभ्रकराव म्हणाले, "पण तुम्हाला बसवायचं तर आमच्यातल्या कुणाला तरी उठवावं लागेल. पुढच्या पंगतीला बघू."

पुढच्या पंगतीत गारगोटी होती. तीही तेच म्हणाली, फक्त गोड न बोलता. कथील घाबरले. राज्य गार होत चालले होते आणि जागा न मिळालेल्याचे शेवटी काय होते, ते कुणालाच ठाऊक नव्हते.

सगळ्या पंगती उरकल्यावर थोडे कढत पाणी उरले. ज्यांना कुणी घेतले नाही ते सगळे त्यात दाटीवाटीने राहू लागले: तांबे, शिसे, रुपे आणि कथील. पाणी कुणाचा आकार विचारत नव्हते. रुपे तसे अबोल, पण कथील रडवेले झाले की म्हणे, "मिळेल जागा. मिळाली की शेजारीशेजारी बसू." तेवढ्यावर कथिलाने पुष्कळ काळ काढला.

एकदा खडकाला मोठा तडा गेला. पाणी त्यातून वर उसळले आणि तड्याच्या भिंतींना लागून निवू लागले. हा गारवा सर्वांत आधी कथिलालाच बाधला. समोर एवढी मोकळी भिंत त्याने कधी पाहिली नव्हती. ते बसले. भावंडे येऊन टेकली, पाठीला पाठ लागली, आणि त्याला इतके बरे वाटले की सांगता सोय नाही.

रुपे अजून पाण्यातच होते. वर जाता जाता ते भिंतीशी अडखळले.

"जरा सरकशील?"

थोडे सरकता आले असते. पण पंगत नवी होती, आणि ती मोडेल ही भीती कथिलाला अभ्रकरावांहून जास्त होती.

"पुढच्या पंगतीला बघ," ते म्हणाले.

पाणी रुप्याला वर घेऊन गेले. वाटेत तांबे बसले, त्याच्या वर शिसे; आणि सगळ्यात वर, पाणी कोमट झाले तिथे, उरल्यासुरल्या जागेत रुपे बसले. पुढे युगे लोटली. कथिलाच्या जागेला कुणी हात लावला नाही. तो एक प्रश्न मात्र त्याला ऐकू येतच राहिला, आणि त्याची त्याला लाज वाटे.

वरचा डोंगर झिजला आणि एके दिवशी ठोके ऐकू आले. एक म्हातारा खणत होता, त्याची सून टोपली वाहत होती. त्यांना पहिल्यांदा रुपे सापडले. पहिला सापडलेला तुकडा टोपलीतून कधी काढायचा नाही, अशी त्यांची रीत. तेव्हा रुप्याचा एक तुकडा टोपलीच्या तळाशी तसाच राहिला. तडा धरून ती दोघे शिशापर्यंत आली, तांब्यापर्यंत आली, आणि बऱ्याच वर्षांनी कथिलापाशी पोचली.

"मामंजी, ह्याच्या पल्याड नुसता फत्तर लागतोय. चमकतोय तेवढा."

"मग ऱ्हाऊ दे. त्यात काय नसतं. हे काळं कथील घे."

अभ्रकरावांच्या पंगती जशाच्या तशा राहिल्या. त्यांतल्या एकालाही कुणी उठवले नाही.

कथिलाचा पहिला तुकडा सुनेने टोपलीत टाकला. टोपली लहान, तळ निमुळता, आणि मधोमध रुपे बसलेले. कथील काठाशी अडकून अर्धे बाहेर लोंबत राहिले. विचारायला त्याला तोंड नव्हते.

बराच वेळ गेला. मग रुपे सरकले.

टोपलीला हिसका बसला असेल, असे कुणी म्हणेल. पण सून तेव्हा पलीकडे घाम पुसत बसली होती, आणि टोपली अजून जमिनीवरच होती.