निशिगंधाची पिल्ले

एकदा एक कापडाचा व्यापारी मातीची कुंडी पोटाशी धरून नदीकाठच्या एका वृद्ध गुरुजींच्या बागेत आला. ज्येष्ठाचे दिवस होते. कुंडीत फुले नव्हती, धड पानेही नव्हती. कोरड्या मातीतून कांद्याचे एक जाडसर डोके तेवढे वर आले होते. गुरुजींची बाग हाच त्यांचा आश्रम होता. आलेल्याच्या हाती ते आधी खुरपे देत आणि उपदेश मागाहून. बहुतेकांना खुरप्यानेच इतके बरे वाटे की उपदेश राहूनच जाई.

व्यापाऱ्याने आपली कथा सांगितली. तो निशिगंधाचा कांदा त्याच्या पत्नीने स्वतःच्या हाताने लावला होता. गेल्या आश्विनात ती अंथरुणाला खिळलेली असताना तिच्या खिडकीत तो फुलला. कमरेएवढा दांडा आला, आणि घरभर वास दरवळला. शेवटची कळी उमलली, आणि आठ दिवसांत पत्नी गेली. आता याच कांद्याला पुन्हा फूल आलेले पाहायचे, एवढी एकच इच्छा त्याच्यापाशी उरली होती. त्यासाठी दुकान भावाच्या हवाली करून तो शिकायला आला होता. सात वर्षांची मुलगी होती, गोदू. तिला त्याने नदीपलीकडे तिच्या मामाकडे ठेवले होते.

"फूल आलं की तिला आणीन," तो म्हणाला. "तोवर तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही. अगदी आईचे डोळे आहेत."

गुरुजींनी बोटांनी माती उकरून कांदा चाचपला. मग त्यांनी विहिरीजवळचा एक वाफा दाखवला आणि कांदा तिथे लावायला सांगितले.

कुंडी फोडली तेव्हा मोठ्या कांद्याला बिलगून बारा लहान कांदे निघाले. कुणी सुपारीएवढा, कुणी बोराएवढा. व्यापारी तो व्यापारीच. एका ताटात बारा जण जेवायला बसले तर मोठ्याच्या वाट्याला काय येणार, असा हिशेब त्याने मनाशी मांडला, लहान कांदे एकेक करून तोडले आणि कुंपणाशी टाकून दिले. संध्याकाळी गुरुजी वाकून वाकून ते गोळा करताना त्याला दिसले. ते त्यांनी बागेच्या कोपऱ्यात एका ओळीत लावले. म्हाताऱ्या माणसाला काही टाकवत नाही, असे म्हणून त्याने ते सोडून दिले.

मोठ्या कांद्याची मात्र त्याने जी बडदास्त ठेवली ती एखाद्या जावयाची कोणी ठेवली नसेल. सकाळी पाणी, सायंकाळी पाणी, उन्हाला आडोसा, बुडाशी पालापाचोळ्याची मऊ गादी. कांद्यालाही हिरवीगार पाने फुटली. श्रावण आला आणि त्या ओल्या गादीत गोगलगायी आल्या. पाठीवर शंख नसलेल्या, बोटभर लांब, मळकट. एका सकाळी पाने कातरलेली दिसली आणि त्यांवरून चकाकणाऱ्या चिकट रेघा गेलेल्या. व्यापारी धावत गुरुजींकडे गेला.

गुरुजींनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या. पालापाचोळा काढून जमीन मोकळी ठेवायची, आणि झाडाभोवती चुलीतल्या कोरड्या राखेचे कडे घालायचे. कोरड्या राखेवरून गोगलगाय सहसा जात नाही. पण पावसाची एक सर आली की राख वाहून जाई आणि कडे पुन्हा घालावे लागे. आश्रमात चूल एकच, स्वयंपाक दोघांचा. दिवसभराची राख जेमतेम एका कड्यापुरती निघे. ती अर्थातच मोठ्या कांद्याभोवती पडे. शिवाय पहाटे उठून तो पानापानांवरून गोगलगायी काडीने उचली आणि ओढ्यापलीकडे नेऊन सोडी. कोपऱ्यातल्या ओळीकडे त्याने एकदाही पाहिले नाही. तिथली गवतासारखी पाती गोगलगायी निवांत खात होत्या.

दर बाजाराच्या दिवशी गोदूचा मामा नाव करून इकडे येई आणि निरोप सांगे. पहिल्यांदा, गोदू रोज विचारते, बाबा कधी येणार. मग, गोदू घाटावर येऊन बसते. मग, गोदूचा पुढचा दात पडला, तो तिने बाबांना दाखवायला जपून ठेवलाय. व्यापारी ऐके, त्याचे डोळे भरून येत, आणि तो प्रत्येक वेळी तेच उत्तर देई : फूल येऊ दे. गुरुजी तिथेच शेंगा सोलत बसलेले असत. तेही ऐकत.

भाद्रपदातल्या एका बाजाराला मामा आला तो निरोप न सांगताच निघाला. व्यापाऱ्याने त्याला थांबवून विचारले, गोदू काय म्हणाली.

"काही नाही, दाजी," मामा म्हणाला. "आता ती विचारत नाही."

व्यापाऱ्याला वाटले, बरे झाले, पोर रुळली. त्याने तसे बोलूनही दाखवले. मामा नावेकडे वळला. गुरुजींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे व्यापारी वाफ्यापाशी गेला आणि जागीच थिजला. मोठ्या कांद्याभोवतीची राख कुणीतरी झाडून नेली होती. पानांवर चार गोगलगायी खुशाल चरत होत्या, आणि मधले एक पान तर बुडापर्यंत गेले होते. त्याने वर पाहिले. कोपऱ्यात गुरुजी गुडघे टेकून त्या टाकाऊ कांद्यांच्या ओळीभोवती राख घालत होते. आदल्या दिवसाची सगळी राख तिथे होती, एक चिमूटही मागे ठेवली नव्हती.

आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज गुरुजींवर चढला. "आपण हे केलंत? तिच्या हातचं एवढं एकच माझ्यापाशी उरलंय, ठाऊक असून?"

गुरुजींनी त्याला जवळ बसायला खुणावले. तो बसला नाही. तेव्हा ते स्वतःच गुडघ्यावर हात टेकून कष्टाने उठले आणि म्हणाले, "निशिगंधाचा कांदा एकदाच फुलतो. तुझ्या घरच्या खिडकीत तो फुलला, त्याचं काम झालं. तू त्याला अमृत घाल, पहारा दे, त्याला आता दांडा येणार नाही. जे यायचं ते त्याच्या पोटच्या पिल्लांना येतं. तू पिल्लं तोडून फेकलीस आणि मोठ्याला जपत बसलास."

व्यापारी सुन्न झाला. मग त्याने विचारले, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी सांगितलं असतं तर कुंडी घेऊन तू तसाच नदीत गेला असतास, असं मला तुझ्या चेहऱ्यावरून वाटलं. तुझ्या हातांना काहीतरी जपायला हवं होतं. म्हणून गप्प राहिलो." गुरुजींनी हाताची राख झटकली. "पण मीही चुकलो, बाळा. दोन महिन्यांपूर्वीच बोलायला हवं होतं. मूल विचारत असतं तोवर वेळ असतो. काल तुझा मेहुणा जे सांगून गेला ते ऐकल्यापासून मला झोप नाही. राख एकाच कड्यापुरती आहे रे, आणि माणसाचे दिवसही."

व्यापारी कोपऱ्यात गेला आणि उकिडवा बसून प्रथमच त्या ओळीकडे पाहू लागला. बारांपैकी सात उरले होते. पाती कुरतडलेली होती, पण मुळाशी हिरवी होती. त्याने एका पातीवरून हात फिरवला आणि त्याला हुंदका आला. पत्नी गेल्यापासून तो पुष्कळ रडला होता. पण या वेळी तो गोदूसाठी रडला. घाटावर बसून राहिलेली, मग तिथे जायचेच सोडून दिलेली ती पोर त्याला आता दिसली.

तो आंघोळीलाही थांबला नाही. पहिल्या नावेने तो पलीकडे गेला.

गोदू लगेच त्याच्याकडे आली नाही. मामीच्या मागे उभी राहून ती परक्या माणसाकडे पाहावे तशी त्याच्याकडे पाहत राहिली. आणलेला खाऊ तिने घेतला नाही. तो दोन दिवस तिथेच राहिला, तिच्या मागेमागे फिरला, तिची वेणी घालायला गेला आणि ती वाकडी घातली. तिसऱ्या दिवशी तिने मूठ उघडून त्याला तो दात दाखवला. मग ती त्याच्यासोबत नावेत बसली.

बागेत आल्यावर तिला आईचा कांदा पाहायचा होता. त्याने विहिरीजवळचा वाफा दाखवला. पानांची नुसती खोडके उरली होती आणि शेवटच्या हिरव्या तुकड्यावर एक गोगलगाय होती.

"बाबा, ती आईचं पान खातेय," गोदू घाबरून म्हणाली आणि काडी शोधू लागली.

व्यापारी तिच्याशेजारी बसला. "खाऊ दे तिला," तो म्हणाला. "आईची पिल्लं तिकडे कोपऱ्यात आहेत. चल, त्यांना राख घालू."

गुरुजी चुलीपाशी होते. ते उठले नाहीत. सुपात काढून ठेवलेली राख तेवढी त्यांनी दाराबाहेर सरकवली. गोदूने ओंजळ भरली. राख सांडू नये म्हणून ती अगदी हळू चालत होती, आणि तिचा बाप तिच्या पावलाने चालत होता.