बिजागरीचे तेल

एकदा एका वृद्ध गुरुजींनी आपल्या पाठशाळेत नियम घातला, की पाठ सुरू झाल्यावर कोणी आत येऊ नये. नियम रास्त होता. तिथे सारे विद्यार्थी एका सुरात श्लोक म्हणत. मध्येच दार करकरले की सूर तुटे आणि पुन्हा पहिल्या श्लोकापासून आरंभ करावा लागे. दाराची कडी लावण्याचे काम ज्येष्ठ शिष्य श्रीरंगाकडे होते. असे काम हाती आले की माणूस जरा ताठच बसतो.

केरबा नावाचा विद्यार्थी रोज उशिरा येई. अंथरुणाला खिळलेल्या आईला न्हाऊ घालून, पेज भरवून निघेपर्यंत उन्हे वर येत. हे त्याने श्रीरंगाला सांगितले होते. कारणे सर्वांकडेच असतात, एवढेच उत्तर त्याला मिळाले. मग तो ओसरीवर बसून, बंद दारातून कानी पडेल तेवढे ऐके. शेवटी त्याने गुरुजींना कळवले, की असे शिकणे होत नाही. उद्या येईन तो निरोप घ्यायलाच.

दुसऱ्या दिवशी पाठ रंगात आला असताना ओसरीवर पावले वाजली. गुरुजी उठले, आसन काखेत मारले, कडी काढून बाहेर गेले आणि केरबाच्या शेजारी बसून पुढचा श्लोक म्हणू लागले. विद्यार्थी गोंधळले, मग एकेक करून बाहेर आले. तोंडावर ऊन घेत सर्वांनी पाठ पुरा केला.

श्रीरंगाला राहवले नाही. "गुरुजी, नियम आपणच केलात आणि आपणच मोडलात."

"केरबा आत आला का?" गुरुजी म्हणाले. "नाही ना? मग नियम शाबूत आहे. बाळ, तुझी शिस्त मला मोलाची वाटते. पण सर्वांना पाठ नीट मिळावा म्हणून आपण दार लावत होतो. त्या दारामुळे एकाचा पाठ कायमचा सुटणार असेल, तर पाठानेच उठून त्याच्याकडे गेले पाहिजे. आता माझे गुडघे दुखतात. रोज मला बाहेर यायला लावू नकोस."

श्रीरंगाला मनापासून वाईट वाटले. केरबाने मात्र त्या दिवशी निरोप घेतला नाही.

पुढल्या सकाळी पाठ सुरू झाला तेव्हा दार नुसते लोटलेले होते. श्रीरंग आपली पुढची जागा सोडून दाराशी बसला होता आणि त्याच्या बोटांना तेल लागलेले होते. उन्हे वर आल्यावर केरबाने दार ढकलले. बिजागरी वाजली नाही. श्लोक म्हणता म्हणताच श्रीरंग थोडा सरकला आणि त्याने केरबाला शेजारी जागा दिली.

सूर कुठेही तुटला नाही.