शेवटपर्यंतचा शॉट

धरणाच्या भिंतीवरून हिरोच्या जागी उडी मारताना डुप्लिकेट सलीम मुजावर बुडून मेला. त्याच्या बायकोने दावा लावला. सिनेमाचे हिरो आणि निर्मातेही असलेले यशोधन राजेशिर्के कोर्टात ताठ मानेने म्हणाले, "हा माणूस आमचा नव्हताच. माझी प्रत्येक उडी मीच मारतो, सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे."

सलीमच्या बायकोच्या वकील मृदुला केंकरे शांतपणे उठल्या. "सिनेमात ही उडी पाण्याला टेकताच कापलीय. आपण इथे न कापलेला शॉट लावू. साहेब पाण्यातून वर येताना दिसले, की आम्ही दावा मागे घेतो."

राजेशिर्क्यांनी तो शॉट पाहिला होता. त्यात शेवटपर्यंत कोणीच वर आलं नव्हतं.

"नका लावू," ते म्हणाले. "आमचाच होता तो."