घाटातल्या हरण्याचे पाच पोळे

फार मागे, गाड्या बैलांच्याच मालकीच्या होत्या तेव्हाची गोष्ट. कातळघाटातलं शेवटचं वळण फार उभं होतं. तिथं गाडी अडली की पुढं हरण्या नावाचा बैल जादा जुंपत. तो दिवसभर वळणापाशी रवंथ करत बसे, वेळ आली की उठे आणि तेवढा चढ ओढून परत येऊन बसे. बारा वर्षांत एकही गाडी मागं घसरली नव्हती.

यंदा हरण्यानं पंचांना सांगितलं, "पुढच्या पाच पोळ्यांपर्यंत माझी पेंड आजच ठरवा. नाहीतर पलीकडच्या घाटातून बोलावणं आहे."

गाडी ओढणारा तरणा बैल पाखऱ्या उसळला. "याचे गुडघे वाजतात ते खालच्या पाणवठ्यावर ऐकू येतं! एका वर्षाचं द्या, पुढचं पुढं."

पंचांची म्होरकी भिंगरी म्हैस होती. तिनं सरळच विचारलं, "हरण्या, खरं सांग. गुडघ्यांत किती वर्षं उरलीत?"

"दोन," हरण्या म्हणाला.

"मग पाच कशाला मागतोस?"

"ऐन उमेदीत मी नुसत्या कडब्यावर ओढलं. पेंड मागितली तर तुम्ही म्हणालात, अजून कोवळा आहेस, पुढं बघू. ते पुढं म्हणजे दोनावरची ही तीन वर्षं."

‘अजून कोवळा आहेस, पुढं बघू’ हेच वाक्य पाखऱ्यानंही गेल्या पोळ्याला पेंड मागताना पंचांकडून ऐकलं होतं. त्यानं तोंडातला कडबा खाली टाकला.

"पाच द्या त्याला," तो म्हणाला. "आणि माझ्या पेंडीचंही आजच ठरवा."