थांबलेला घाणा

विणकरांच्या एका गावात तुळसाबाई तेलाचा घाणा चालवायची. नवरा गेल्यापासून घाणा, बैल आणि दुकान तिनं एकटीनं सांभाळलं होतं. गावातले सगळे माग एका शेटजींचे. बाकीचे लोक त्यांच्याकडे मजुरीनं लुगडी विणायचे.

एका वर्षी शेटजींनी मजुरी कमी केली. घरखर्च भागेना, म्हणून लोक त्यांच्याकडेच हात पसरायला गेले. शेटजींनी व्याजानं पैसे दिले. त्या दिवाळीत बाजार असा फुलला, की तुळसाबाईचं तेल पाडव्याआधीच संपलं. गाव सुखात आहे, असंच सगळ्यांना वाटलं.

पुढच्या वर्षी मजुरी हातात पडण्याआधीच त्यातून व्याज कापलं जाऊ लागलं. दोन शेर तेल नेणाऱ्या बायका पावशेर नेऊ लागल्या. काहींनी तर फोडणीच सोडली. शेटजींच्या घरी तळण रोज व्हायचं, पण जेवणारी तोंडं सहाच. तेवढ्यावर घाणा चालणार कसा? कुंभाराची मडकीही पडून राहिली. तुळसाबाईला आपल्या दोन बैलांपैकी एक विकावा लागला आणि घाणा दिवसचे दिवस थांबून राहू लागला.

तेव्हा शेटजींनी तिला बोलावलं. भांडवल मी देतो, तू चढ्या भावानं उधार तेल वाट, नफा निम्मा-निम्मा करू, असं ते म्हणाले. तुळसाबाईनं एक दिवस मागून घेतला.

घरी जाताना ती येसू विणकरणीकडे डोकावली. येसू मागावर जरीकाठी लुगडं विणत होती आणि तिच्या अंगावरच्या लुगड्याला तीन ठिगळं होती. नवं का घेत नाहीस, असं तुळसाबाईनं विचारलं.

"मी विणते तेच घ्यायचं, तर आधी शेटजींकडून कर्ज काढावं लागेल," येसू म्हणाली.

तुळसाबाईचा निर्णय तिथेच झाला. दुसऱ्या दिवशी कुंभाराला सोबत घेऊन ती शेटजींच्या दारात उभी राहिली आणि तिनं उधारीच्या धंद्याला नकार दिला. मग विणलेल्या मालाचं कोठार उघडून दाखवा म्हणाली. शेटजींनी टाळाटाळ केली, पण ती जागची हलली नाही. कोठार आढ्यापर्यंत लुगड्यांनी भरलं होतं. आसपासच्या गावांतही हीच गत होती, त्यामुळे आठ महिने माल उठला नव्हता.

"तुमच्या घरात नेसणाऱ्या तिघी," ती म्हणाली. "गावात दोनशे बायका आहेत. त्यांच्या हातात मजुरी उरली, तरच हे कोठार रिकामं होईल."

शेटजींनी तिला घालवून दिलं. ती पुढच्या बाजारच्या दिवशी पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. चौथ्या खेपेला मुनीम शहरातून न विकता परत आलेले लुगड्यांचे गठ्ठे उतरवून घेत होता. ते ठेवायला कोठारात जागाच नाही, हे शेटजींनी पाहिलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मजुरी पूर्वीसारखी केली आणि वर्षभराचं व्याज सोडलं.

बायकांनी आधी डाळ-तेल घेतलं आणि थांबलेला घाणा फिरू लागला; मग मडकी, आणि कापड सगळ्यात शेवटी. एकेका लुगड्यामागे शेटजींना मजुरी कापली होती तेव्हापेक्षा कमी सुटत होतं, पण संक्रांतीपर्यंत निम्मं कोठार मोकळं झालं. आजूबाजूच्या मागवाल्यांनीही तेच केलं, तेव्हा उरलेलंही गेलं. पुढे एकदा मुनीमानं मजुरी कमी करण्याचा विषय काढला. शेटजींनीच त्याला गप्प बसवलं.

तात्पर्य एवढंच: बाजार एकाच्या श्रीमंतीवर किंवा सगळ्यांच्या कर्जावर फार दिवस चालत नाही, राबणाऱ्याच्या हातात कमाई उरते, तेव्हाच तो चालतो.