नाकाच्या शेंड्यापर्यंत काच

"हाय का हिंमत? चार बोटं. फक्त चार बोटं वर."

माझा दोस्त कैल्या कानाशी लागून बोलत होता. मामा समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले होते.

"त्यात काय," मी म्हणलं.

"मामाला कळलं तर?"

"मला काय मिळणार ते बोल."

त्यानं अंगातलं जर्किन उघडून दाखवलं. आतून लोकर, मागं टोपी. "आठवडाभर तुझं."

निफाडचा डिसेंबर. सकाळी नळाखाली हात धरला की बोटं आपली का शेजाऱ्याची, कळत नाही. मी जर्किनाकडं बघितलं आणि येड्यासारखा हो म्हणून बसलो.

मामा म्हणजे याकोब त्रिभुवन, मिस्त्री. सत्तरी पार. जुन्या मोटरसायकलींचं गॅरेज. आता त्या जागी मोबाईलचं दुकान झालंय, पण तिथून जाताना मला अजून ऑइलचाच वास येतो.

मी तिथं कसा? नववीला दोनदा बसलो, दोन्हीदा उठलो. तिसऱ्यांदा बापानं बसवलं ते मामांच्या गॅरेजात. दोन वर्षं झाली, लायसन हातात आलं, आणि मला वाटायला लागलं, म्हाताऱ्याकडं आता शिकण्यासारखं काय उरलंय?

मामांची स्वतःची गाडी जावा. माझ्या बापाहून जुनी. तिचे नियम दोन. मामांशिवाय किक कुणी मारायची नाही. आणि मागं कुणी बसायचं नाही.

एकदा म्हणलं होतं, "मामा, स्टँडपर्यंत सोडा ना."

"मागं जागा नाही."

"अख्खी सीट मोकळी हाय की!"

"जागा नाही म्हणलं ना."

मला वाटलं, म्हातारा कंजूष.

दर नाताळला पहाटे मामा त्या जावावर नाशिकला जायचे. एस्तेरमामी तिथल्या कबरस्तानात. अकरा वर्षांत एक फेरी चुकली नव्हती. पण मागच्या थंडीत न्यूमोनिया झाला, आणि यंदा डॉक्टरनं बजावलं, छातीला गार वारं लागता कामा नये. मोटरसायकल विसरा.

"एस्टीनं जा की," मी म्हणलं.

"एस्तेरनं एस्टीची वाट कधी बघितली नाही. मी बघू?"

मंग गाडीला पुढून काच बसवायची ठरली.

जुनी काच माळ्यावर होती, मामींच्या वेळची. पिवळी पडलेली. खाली काढली तशी हातात तडकली. तिच्या खालचा निळ्या रेक्झिनचा पडदा मात्र टाका न् टाका शाबूत. मामी शिवणकाम करायच्या, पडदा त्यांनीच शिवलेला.

मामांनी नवी काच आणली. ॲक्रिलिकची, दोन्ही अंगांनी कागद चिकटलेली. मी ती हँडलवर उभी धरली. मामा गाडीवर बसले आणि खिशातनं मामींचा शिंपीखडू काढला.

"टेप देऊ?" मी म्हणलं.

"टेपला नाक असतं?"

त्यांनी नाकाच्या शेंड्यासमोर कागदावर आडवी रेघ मारली.

"इथं संपली पाहिजे."

"एवढीशी? डोळे तर उघडेच राहतील."

"राहू दे."

"मंग काय फायदा? काचेआड बसायचं तर पुरतं बसा ना, मामा."

"काचेतनं बघायचं नसतं, सुदामा. काचेवरनं बघायचं असतं."

"डोळ्यांत पाणी येईल वाऱ्यानं."

"येऊ दे. काचेवर दव बसलं तर रस्त्यात पुसायला कोण येणार? डोळा आपला आपण पुसतो."

मला हसू आलं. एवढी मोठी काच आणायची आणि डोळे बाहेर!

मामा चहाला गेले, आणि कैल्यानं पैज काढली, ती ही.

थुंकी लावून रेघ पुसली. चार बोटं वर धरली. नवी रेघ ओढली. शिंपीखडू होता तिथं ठेवला. दोन मिनिटांचं काम. जर्किन अंगात घातलं तर कैल्याची ऊब अजून आत होती.

मामा आले.

"काप."

मी रेघेवर करवत ठेवून कापली. हात हलला नाही. असल्या कामात आपण हुशार.

कागद मामांनी स्वतः ओढून काढला. उजेडाला धरला... जरा वेळ बघितला... घडी घालून खिशात ठेवला.

"जर्किन नवं दिसतंय."

"कैल्याचं हाय."

"ऊब आहे?"

"हाय."

"बरं झालं."

दुपारी शेगडीच्या धगीवर काच तापवली, घोंगडी गुंडाळलेल्या पिंपावर हळूहळू वाकवली. मामा सहसा बोलायचे नाहीत. त्या दिवशी शेगडीनं बोलतं केलं असंल.

"पहिली काच बसवली तेव्हा मी तुझ्यासारखाच. म्हणलं, डोक्याच्याही वर घेऊ. एस्तेर म्हणाली, मिस्टर, डोळे झाकून घेतले तर झोपलात का जागे, मला मागं कसं कळंल?"

"मंग?"

"मंग काय? तिनं माझं नाक धरलं आणि खडूनं रेघ मारली."

काच वाकत होती. मामा तिच्याकडं बघत होते आणि बघतही नव्हते.

"मागं बसून माझ्या कोटाच्या खिशात हात घालायची. एका खिशात तिचे हात, एकात शेंगा. द्राक्षांच्या बागांत शेकोट्या पेटलेल्या असायच्या, गारठ्यानं घड जळू नयेत म्हणून. हिला वाटायचं, आपण जाणार म्हणून लोकांनी पेटवल्यात."

"तुम्ही सांगितलं नाही खरं काय ते?"

"कशाला?"

मी नट आवळायला लागलो तर मामांनी पाना धरला. "पुरे. थंडीत काच आखडते. तिला हलायला जागा ठेव."

दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला, सकाळी नऊला जावा तयार. वर नवी काच, खाली मामींचा निळा पडदा. कैल्या दारात मूठ तोंडात कोंबून उभा. आमचा बेत साधा होता. मामा बसणार, काच कपाळापर्यंत येणार, मामा शिव्या घालणार, आम्ही हसणार, मंग पाच मिनिटांत चार बोटं कापून टाकणार.

मामा बसले.

काच भुवयांच्या वर गेली.

मामांनी शिवी घातली नाही. एक हात नाकाला लावला. एक काचेला.

"सुदामा, मी वाकून बसलोय का?"

"नाय."

"पाठ ताठ आहे?"

"ताठ हाय."

"मंग झिजलो..."

कैल्या फिस्सकन हसला. मला हसायचं होतं, पण तोंड उघडंना.

मामा उतरले. खुर्चीवर बसले.

"रेघ मीच मारली होती ना?"

"हो."

"माझ्याच नाकाची."

"हो मामा. आपण परत कापू ना, पाच मिनिटं..."

"काच कापशील. काल बोरस्तेसरांच्या बुलेटचा ब्रेक मी लावला. पोरीला पुढं बसवून शाळेत नेतो तो माणूस. ज्याला स्वतःचं नाक सापडंना, त्यानं लावलेला ब्रेक बरोबर कशावरून?"



मामांनी पाने उचलले. एकेक फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला. मोठा पाना, मंग मधला, मंग लहान. पेटी रोज संध्याकाळीच बंद व्हायची. त्या दिवशी सकाळी नऊला कडी लागली.

"डहाळेला फोन लाव."

डहाळे म्हणजे नाशिकचा एक हौशी माणूस, जुन्या गाड्या जमवणारा. दोन वर्षं जावाच्या मागं लागलेला. मामा त्याला चहा पाजून परत पाठवायचे.

"काय सांगू?"

"म्हणावं, आजच येऊन घेऊन जा."

"आणि उद्या? नाशिक?"

"एस्टी असते की."

कैल्या कधी सटकला कळलंच नाही. जाताना जर्किनसुद्धा मागितलं नाही भित्र्यानं.

डहाळेचा नंबर समोर आला. अंगठा वर, खाली बटण. जर्किनात मला घाम फुटला. निफाडात, डिसेंबरात, घाम.

फोन खिशात घातला. फडकं घेतलं आणि जावाच्या पलीकडं जाऊन काच पुसायला लागलो. खाली वाकून. मामा काचेच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला.

"मामा..."

"हं."

"समजा... रेघच हलली असंल तर?"

"रेघ कशी हलंल?"

"उंदीरबिंदीर..."

"उंदराला शिंपीखडू धरता येतो?"

मी परत पुसायला लागलो. काच आधीच लखलखीत होती.

"लागला फोन?"

"रेंज नाय."

"हं..."

रस्त्यावरनं उसाची ट्रॉली गेली. ती पार दिसेनाशी होईस्तोवर मी फडकं एकाच जागी फिरवत राहिलो.

"मामा, मी काय म्हणतो..."

"काचेवरनं बोल, सुदामा. आतनं ऐकू येत नाही."

मी उभा राहिलो. दारातनं गार वारं आलं ते थेट डोळ्यांवर.

"मी हलवली."

मामांनी जर्किनाकडं बघितलं.

"थुंकीनं पुसली आणि वर मारली. कैल्यानं पैज लावली होती, पण खडू मी धरला. ह्या जर्किनापायी." मी जर्किन काढलं, टाकीवर ठेवलं. "तुमचं माप चुकलेलं नाय, मामा. बोरस्तेसरांचा ब्रेक बरोबर हाय. डहाळेला फोन लावलाच नाय मी. तुम्ही झिजला नाय..."



मामा उठले. जवळ आले. मी डावा गाल पुढं केला. बाप उजव्या हातानं मारतो, सवय आहे.

"किती हलवली?"

"चार बोटं."

"कुणाची?"

"काय?"

"बोटं कुणाची? माझी का तुझी?"

"माझी."

मामांनी माझा हात घेतला. उलटा केला. बोटं बघितली, नखांतलं काळं बघितलं. मंग हात सोडला आणि गाडीकडं मान हलवली.

"बस."

"मी?"

"लायसन आलं ना?"

"आलं, पण जावावर..."

"बस म्हणलं."

दोन वर्षं ज्या गाडीला मी फक्त पुसलं होतं, तिच्यावर बसलो. हँडल धरलं. पाठ ताठ केली.

काच माझ्या नाकाच्या शेंड्याला संपत होती. बरोब्बर. केसभर वर नाही, केसभर खाली नाही. वर सगळा रस्ता मोकळा, लांब द्राक्षांच्या बागांवर सकाळचं धुकं. डोळ्यांत पाणी आलं. वारंच तसं होतं.

मामांनी टाकीवरनं जर्किन उचललं. माझ्या हातात दिलं.

"घाल. पुढच्याला गार लागतं."

मी घातलं. मामांनी पेटीची कडी काढली, एक पाना बाहेर ठेवला, कालची कागदाची घडी आत टाकली. पुसलेल्या रेघेचा डाग वरच होता. मंग मामींचा पडदा हातानं सारखा केला. फडकं घेऊन सीटचा मागचा भाग पुसला, सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातनं. अकरा वर्षांची धूळ काही तिथं नव्हती. रोज पुसलेली सीट होती ती.

"मामा, मागं तर जागा नाय ना?"

 मामांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, पाय टाकला, मागं बसले. दोन गार हात माझ्या जर्किनाच्या दोन्ही खिशांत आले.

मी किकवर पाय ठेवला. मामांच्या हुकमाची वाट बघत थांबलो.

मामा थोडे मागं वळले असावेत. आवाज माझ्यासाठी नव्हता.

"एस्तेर, जरा सरक."